पोच घेतल्याशिवाय उठू नकोस

प्रिय पोरी,

झाडतोडीविरुद्धच्या तुमच्या मोर्चाचे फोटो पाहिले. गर्दी छान होती, घोषणाही खणखणीत. पण त्या झाडांवर चिकटवलेली नोटीस तुमच्यापैकी किती जणांनी शेवटपर्यंत वाचली?

आपल्याकडे महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे. तोडीआधी वर्तमानपत्रात आणि खुद्द झाडावर नोटीस लावावीच लागते. हरकतीची मुदत बहुधा सातच दिवसांची. ती उलटली की तुम्ही मानवी साखळी करा नाहीतर उपोषण, फाइल पुढे सरकलेली असते. म्हणून आधी हरकत लिहायला शीक. 'झाडे वाचवा' असं लिहिलेला अर्ज कोणी वाचत नाही. झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर हे लिही. तोडीच्या अर्जात झाड 'धोकादायक' म्हटलं असेल तर खोड वाजवून बघ, पोकळी आहे का पाहा. नसेल तर 'दोन फांद्यांची छाटणी पुरे' असं स्पष्ट मांड. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो, तेव्हा वयाचा मुद्दा सोडू नकोस. आणि आवक-जावक खिडकीवर शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नकोस.

(टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्पासाठी, म्हणजे त्या परदेशी झाडासाठी, मात्र जीव टाकू नकोस. सगळ्याच झाडांसाठी सारखाच आक्रोश केला, तर वडासाठी बोलशील तेव्हा कोणी ऐकणार नाही. तुझ्या मैत्रिणींना हे पटणार नाही, माहीत आहे.)

आता मतदारांचं. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. त्या काळात ओढ्याचं, टेकडीचं गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे, हा प्रश्नच होता. आता माणसं निवडून आली आहेत. झाडतोडीचा निर्णय घेणाऱ्या वृक्ष प्राधिकरणावर नगरसेवक असतात. बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागव आणि कोण काय बोललं, कोण गप्प बसलं ते एका पानावर उतरव. तेच पान सोसायट्यांमध्ये वाट. पक्षाचं नाव घेऊन भाषण ठोकलंस की निम्मी माणसं उठून जातील.

एखादी बाई म्हणेलच, 'आमच्या नळाला पाणी नाही आणि तू झाडं काय घेऊन बसलीस?' तिच्याशी वाद घालू नकोस. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र काढ. आंबिल ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांतून माणसं वाहून गेली. टेकडीवरचं पाणी जिरलं नाही आणि ओढ्याचं पात्र आवळलेलं असलं की पाणी कुठून वाट काढतं, हे त्या भागातल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, ९७८ हेक्टर. ते का टिकायला हवं, हा विषय इथूनच सुरू कर.

बहुतेक प्रभागांत मतदाराला चार मतं द्यावी लागतात आणि पुष्कळांना हे मतदान केंद्रावर गेल्यावरच कळतं. पुढच्या खेपेला ते आधीच सांगत फिरा. नव्याने अठरा पूर्ण झालेल्यांकडून मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घ्या. त्यासाठी निवडणुकीची वाट बघायची गरज नाही, अठरा पूर्ण झाली का हे मोजायला वर्षातून चार तारखा असतात.

महापालिकेचा पर्यावरण स्थितीदर्शक अहवाल दर जुलैअखेर यायला हवा. तो आला की मागच्या वर्षीचा शेजारी ठेवून वाच. काही पानांवर फक्त साल बदललेलं दिसेल.

त्या नोटिशीचा फोटो पाठव. झाडाचा क्रमांक आणि नोटिशीची तारीख दोन्ही नीट दिसतील असा काढ. हरकतीचा मसुदा आलाच तर लाल पेनाने खुणा करून लगेच परत धाडते.

तुझी,
मावशी