आईला मधुमेह असेल तर बाळात जन्मजात व्यंग का निर्माण होते?

आपल्याला टाइप 1 मधुमेह आहे, मूल हवे आहे, आणि बाळात व्यंग येण्याची भीती कितपत खरी आहे असे आपण विचारले आहे. या विषयावर मी काही वर्षे उंदरांच्या गर्भांवर काम केले आहे, म्हणून उत्तर देत आहे.

भीती निराधार नाही. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या बाळांत मोठ्या व्यंगांचे प्रमाण इतरांच्या दुप्पट ते चौपट आढळते, आणि त्यांत हृदयाचे व मज्जानलिकेचे (गर्भातील जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात त्या नळीचे) दोष प्रमुख असतात. मात्र हा धोका बराचसा पहिल्या काही आठवड्यांतील रक्तशर्करेवर अवलंबून असतो.

साडेदहा दिवसांचा उंदराचा गर्भ जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी गर्भाचा माथा पूर्ण मिटलेला दिसतो. मधुमेही मादीच्या काही गर्भांत मात्र माथ्याच्या दोन्ही कडा बाहेर वळून उघड्याच राहिलेल्या असतात, आणि त्याच गर्भाशयातला शेजारचा गर्भ निर्दोष असतो. हे दृश्य मी अनेकदा पाहिले, तरी त्याची सवय झाली नाही. अमेरिकेतील मधुमेह-संशोधक मेरी लोकेन यांच्या संशोधनातून असे दिसले की जादा ग्लुकोजमुळे गर्भाच्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे होणारी इजा) येतो आणि मज्जानलिका मिटण्यासाठी आवश्यक असलेल्या पॅक्स3 या जनुकाचे काम मंदावते. उंदरांना व्हिटॅमिन ई दिल्यावर हे दोष घटले; पण त्यावरून स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत.

माणसात ही नलिका गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे ठाऊकही नसते. म्हणूनच तयारी आधी करावी लागते. कॅलिफोर्नियातील 1991 च्या एका अभ्यासात, गर्भधारणेपूर्वीच साखर आटोक्यात आणलेल्या स्त्रियांच्या बाळांत मोठ्या व्यंगांचे प्रमाण 1.2 टक्के, तर गर्भ राहिल्यानंतर उपचारांसाठी आलेल्यांत 10.9 टक्के आढळले.

एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) शक्यतो 6.5 टक्क्यांच्या खाली आल्यावरच गर्भनिरोधन थांबवावे, फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यावे आणि रक्तदाबाची वा कोलेस्टेरॉलची औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत. साखर घाईने उतरवू नये, कारण त्याने डोळ्यांच्या पडद्याचा विकार बळावू शकतो. आणि ही तयारी पुरी होण्याआधीच दिवस गेले, तर खचून न जाता लगेच डॉक्टरांना भेटावे: त्या 10.9 टक्क्यांच्या गटातही दहापैकी जवळजवळ नऊ बाळांत मोठे व्यंग नव्हते.