तीनदा अलाइनमेंट करूनही ट्रक रस्ता धरत नाही, काय करावं?

तुमचा सहाचाकी ट्रक मोकळ्या रस्त्यावर डावीउजवीकडे भटकतो, हँडल सारखं सावरावं लागतं आणि तीनदा अलाइनमेंट करूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. चौथ्यांदा पैसे घालू नका. वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळ आमचं गॅरेज आहे, पावसाळा संपला की अशा गाड्यांची रांग लागते.

अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत अलाइनमेंटवाला टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) फिरवून टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बसवतो, बहुतेकदा तेवढंच. सांधेच ढिले असतील तर मशीनवरचा आकडा पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या. टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर रेटा. खटखट आली तर हेल्परला ब्रेक दाबायला सांगा. खटखट थांबली तर चाकाच्या मधल्या हबचं बेअरिंग ढिलं, चालूच राहिली तर किंग पिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) आणि तिचे बुश झिजलेत. मग गाडी खाली घ्या, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा. हेल्परने स्टिअरिंग थोडंसं इकडेतिकडे करायचं, तुम्ही टाय रॉड आणि ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) बॉल जॉइंटवर हात ठेवायचा. डोळ्यांना न दिसलेला प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, हाताला लागतो. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही बघा, ते कुणी बघतच नाही.

हे सगळं घट्ट असेल आणि वळणानंतर हँडल आपोआप सरळ येत नसेल, तर बहुधा कॅस्टर कमी आहे. किंग पिनचं वरचं टोक जरा मागे कललेलं लागतं, तो कल म्हणजे कॅस्टर. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसले किंवा बदलले की हा कल बिघडतो. कॅस्टर मोजून घ्या, कंपनीच्या आकड्याशी ताडा आणि अ‍ॅक्सल-पाट्यांच्या मध्ये लोखंडी पाचर घाला, दोन्ही बाजूंना सारखीच, नाहीतर अ‍ॅक्सलला पीळ बसतो. पाटे अ‍ॅक्सलच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू मागे. शिकाऊ असताना मी ती उलटी बसवली होती. ड्रायव्हर चेंबूरहून परत आला, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आता तूच चालव."

एक राहिलं: पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक आला तर बहुधा सेंटर बोल्ट (पाटे आणि अ‍ॅक्सल जागेवर धरणारा) तुटून अ‍ॅक्सल सरकलाय. तो जागेवर आणून यू-बोल्ट आवळेपर्यंत टो बदलायला जाऊ नका.