डाग गेला, वास का परततो?

प्रश्न : मांजरीने कॉटनच्या कुर्त्यावर शू केली. मशीनमध्ये दोनदा धुतला, डागही दिसत नाही. पण पावसाळी हवेत घरात वाळत घातला की उग्र वास येतोच. — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मूत्रातला युरिया नि पिवळा रंग पाण्याबरोबर जातो, युरिक आम्लाचे स्फटिक मात्र पाण्यात जेमतेम विरघळतात आणि धाग्यात बसून राहतात. हवा दमट झाली की त्यांना ओल धरते, वास उठतो. त्यामुळे आणखी पावडर ओतून फरक पडणार नाही आणि सुगंधी सॉफ्टनर तर नकोच.

आधी एक वाटी पांढरे व्हिनेगर, चार वाट्या थंड पाणी, त्यात अर्धा तास भिजवा. अमोनियाचा वास इथेच उतरतो. मग व्हिनेगर पूर्ण खळबळून काढा, कारण ते उरले तर पुढचे एन्झाइम (डागातले घटक तोडणारे द्रव्य) नीट काम करत नाही. आता पेट शॉपमध्ये मिळणारे, मूत्रासाठीचे एन्झाइमवाले क्लीनर डागाच्या जागी चिंब होईपर्यंत ओता. बहुतेकांचे चुकते ते इथे : फवारा मारला की लगेच धुतात. एन्झाइमला वेळ लागतो, तोही ओलेपणात. वरून प्लॅस्टिकची पिशवी झाका आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. नंतर साध्या पाण्यात नेहमीसारखे धुवा.

वास कपडा ओला असतानाच घेऊन पाहा. सुकल्यावर तो दबतो आणि फसगत होते. वास असेल तर एन्झाइमचा हात पुन्हा एकदा द्या. तोवर इस्त्री, ड्रायर, गरम पाणी तिन्ही टाळा, उष्णतेने डाग पक्का बसतो.

ब्लीच चुकूनही नको. मूत्रातल्या अमोनियाशी, तसेच व्हिनेगरशीही, मिसळून विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तर फारच धोका.

आणि मांजर वारंवार शूच्या ठरलेल्या जागेबाहेर शू करत असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवा. बोका नुसता कुंथतोय आणि शू होत नाही, असे दिसले तर त्याच क्षणी न्या.

प्रश्न : पांढऱ्या सुती बेडशीटवर कुत्र्याच्या शूचा जुना पिवळा डाग आहे. — वाशी, नवी मुंबई

उत्तर : मेडिकलमधले २० व्हॉल्यूमचे हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे ६ टक्क्यांचे असते. तेवढेच पाणी घाला, ३ टक्के होते. हातमोजे घालून डागावर लावा, वीस मिनिटांनी खळबळा. व्हिनेगरमध्ये मिसळू नका. रंगीत कापडाचा रंग उडू शकतो, तिथे नकोच.

प्रश्न : सिल्कच्या साडीवर पिल्लाची उलटी पडली. — नेरुळ

उत्तर : चमच्याच्या कडेने वरवर खरवडा, थंड पाण्याने भिजवलेल्या सुती फडक्याने टिपा, घासू नका. एन्झाइम लावू नका : रेशीमही प्रथिनच, प्रोटीज म्हणजे प्रथिने तोडणारे एन्झाइम त्यालाही खाते. जरीची असेल तर पाणीही न लावता सरळ ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग कशाचा ते सांगा.