जीएचसीआयमध्ये मराठी नीट दिसण्यासाठी

जीएचसीआय या हॅस्केल प्रोग्रामिंग भाषेच्या शेलमध्ये अवतरणात "बेळगाव" लिहून एंटर दाबलंत की "\2348\2375\2355\2327\2366\2357" असं उमटतं. फाईल बिघडलेली नसते, फाँट बदलत बसू नका. शेल प्रत्येक उत्तर 'प्रिंट' या फंक्शनकडून छापून घेतं, 'प्रिंट' आत 'शो' हे फंक्शन वापरतं, आणि आस्की (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं यांचा मूळ संच) बाहेरचं अक्षर दिसलं की 'शो' त्याचा क्रमांक लिहितं. कन्नड नावांचंही तेच होणार.

एकटी स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, 'पुटस्ट्रएलएन' या फंक्शनला द्या. गावांची यादी असेल तर 'मॅपएम अंडरस्कोर'नं तेच फंक्शन यादीवर फिरवा, खानापूर, निपाणी ओळीओळीनं येतील. एन्कोडिंगची एरर आली तर टर्मिनल यूटीएफ-८ वर, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या एन्कोडिंगवर, नाही. विंडोजवर शेल उघडण्याआधी 'सीएचसीपी ६५००१' ही कमांड चालवा, ती टर्मिनल यूटीएफ-८ वर नेते.

रेकॉर्डमध्ये (नाव दिलेल्या फील्डांचा गट) आणखी रेकॉर्ड असला की हे पुरत नाही. 'प्रिटी-सिंपल' पॅकेज घेऊन त्यातलं 'पीप्रिंट' वापरा, प्रत्येक फील्ड वेगळ्या ओळीवर येतं. शेलच्या 'इंटरॅक्टिव्ह-प्रिंट' सेटिंगमध्ये 'पीप्रिंट'चं मॉड्यूलसकट पूर्ण नाव दिलंत की दरवेळी टाईप करायला नको. मात्र 'पुटस्ट्रएलएन' तिथं देऊ नका. ते स्ट्रिंगच घेतं, आकडा आला की अडलंच.

रकाने जुळवताना लांबी मोजणाऱ्या 'लेंग्थ'वर विसंबू नका: 'बेळगाव' डोळ्यांना चार अक्षरं, हॅस्केलला सहा, कारण मात्रा आणि काना वेगळे मोजले जातात.