इंजिन एक चाल सांगतं आणि मन दुसरीच, तेव्हा ऐकायचं कोणाचं?

तुम्ही विचारलंय की स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं संगणकाचं इंजिन आता जगज्जेत्यापेक्षाही कितीतरी वरचढ झालंय, तर पटावरच्या माणसाच्या अंदाजाला काही अर्थ उरलाय का. उरलाय. डाव चालू असताना तुमच्याजवळ दुसरं काही नसतंच.

हा वाद आमच्या नात्यात बरीच वर्षं चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी भुसावळचा. रेल्वे क्वार्टरच्या ओट्यांवर खेळायला शिकलो. ड्युटीवरून आलेले गार्ड, ड्रायव्हर डबा बाजूला ठेवून पट मांडायचे. ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची, नावं कोणाला माहीत नसायची, पण कोणत्या घरात घोडा बसला की समोरच्याची अडचण होते हे त्यांना पट पाहताच कळायचं. मला जे काही येतं त्याचा पाया तिथला.

जळगावच्या एका खुल्या रॅपिड स्पर्धेत माझी गाठ एका शाळकरी मुलाशी पडली. रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, माझ्यापेक्षा बरंच वर. मी काळ्याकडून सिसिलियन हा बचाव खेळलो. डावाचा पहिला भाग तो धडाधड खेळला, सगळं घरून तयार करून आणलेलं दिसत होतं. त्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला आणि माझ्या राजावर प्यादी सोडायला सुरुवात केली. मी हत्तीने सी३ या घरातला घोडा मारला. जास्त मोलाचा हत्ती देऊन घोडा. सिसिलियन खेळणाऱ्याला हा बळी नवा नाही, पण तो नेमका कधी द्यायचा हे पाठ करून येत नाही. मला तेव्हा दिसलं ते एवढंच: बी२ चं प्यादं सी३ वर ओढलं जाईल, त्याच्या राजासमोरची भिंत फुटेल, ई४ चा एक राखणदार कमी होईल, माझा दुसरा हत्ती सी८ वर येईल. आणि त्या मुलाची तयारी तिथे संपेल. पुढच्या दहा-बारा चालींचा हिशेब मी केला नव्हता.

मुलगा पहिल्यांदाच थांबला. घड्याळाकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे. त्यानंतरची त्याची प्रत्येक चाल बचावाची होती. शेवटी वेळेच्या घाईत त्याने वजीर चुकीच्या घरात नेला आणि डाव संपला.

माझे साडूही तिथे होते, त्यांचा मुलगा त्याच स्पर्धेत खेळत होता. त्यांनी तिथल्या तिथे मोबाईलवर तो डाव घातला आणि चार लोकांसमोर मला म्हणाले, "भाऊ, तुमची चाल चुकली. पांढरा एका प्याद्याहून जास्त वर दाखवतंय. पोरगं घाबरलं म्हणून जिंकले तुम्ही. मशीन खोटं बोलतं का भो?"

मशीन खोटं बोलत नाही. घरी येऊन मी तेच इंजिन लॅपटॉपवर रात्रभर चालू ठेवलं. डेप्थ, म्हणजे किती चाली पुढचं पाहायचं ते, वाढली तसा आकडा खाली सरकत गेला, पण पांढरा थोडा वर आहे हे त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. मला ते मान्य आहे. दोन्ही बाजूंनी स्टॉकफिश बसलं असतं तर वजीर सी७ वर नेणं बरं होतं. पण तिथे स्टॉकफिश बसलं नव्हतं.

इंजिनचा आकडा सांगतो की इथून पुढे दोघंही जवळजवळ निर्दोष खेळले तर काय होईल. समोर कोण बसलंय, त्याच्या घड्याळात किती वेळ आहे, त्याला कोणत्या प्रकारचा पट आवडत नाही, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ ला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांचा जगज्जेतेपदाचा चौदावा डाव आठवा. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण इंजिनच्या लेखी डाव बरोबरीचा होता. गुकेश सोडायला तयार नव्हता, डिंगला बचाव करायला लावत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंगने चुकून हत्ती एफ२ वर नेला आणि गुकेश जगज्जेता झाला. "बरोबरी आहे, हात मिळवा" असं आकड्याकडे पाहून ठरवणाऱ्याला ते जमलं नसतं. डिंग दमला म्हणून गुकेश जिंकला, असं साडू म्हणणार का?

आणि अंदाज म्हणजे काही देवाची देणगी नव्हे. रावेरकडचा केळीवाला घडाला हात न लावता त्याचं वजन सांगतो, कारण त्याच्या नजरेखालून आयुष्यभर घड गेलेले असतात. बुद्धिबळातही तेच. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिलं. खऱ्या डावातला पट काही सेकंद दाखवला की मास्टर तो बराचसा तसाच्या तसा मांडून दाखवतो. त्याच सोंगट्या वाटेल तशा टाकल्या की मास्टर आणि नवशिका जवळपास एका पातळीवर येतात.

यंत्रंही शेवटी याच वाटेने गेली. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला पटावरच्या वीस कोटी स्थिती तपासायचा, बळ सगळं मोजण्यात. २०१७ मध्ये अल्फाझीरो या स्वतःच शिकणाऱ्या प्रोग्रामने स्टॉकफिश ८ शी १०० डाव खेळले, २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरलं नाही. तेव्हा स्टॉकफिश सेकंदाला सुमारे सात कोटी स्थिती पाहत होतं आणि अल्फाझीरो फक्त ऐंशी हजार. पण ते स्वतःशी खेळून खेळून कोणता पट चांगला हे ओळखायला शिकलं होतं. २०२० पासून स्टॉकफिशमध्येही न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य पटांवरून शिकलेली पारख, आहे. म्हणजे ज्या यंत्राचा दाखला देऊन माझ्या अंदाजाला नावं ठेवली, ते यंत्रच आता मोजणीच्या जोडीला अंदाजावर चालतं.

झ्युरिकच्या स्पर्धेत १९५३ मध्ये रेशेव्हस्कीविरुद्ध पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोशियनने घोड्याला डी५ चं घर मिळावं म्हणून हत्ती आपणहून ई६ वर, उंटाच्या तोंडी नेला. डाव बरोबरीत सुटला. तो डाव एकदा इंजिन बंद ठेवून लावा, हत्ती तिथे का गेला ते स्वतः शोधा. आकडा पाहून ते कळणार नाही.

माझं साडूंशी खरं भांडण इथे आहे. त्यांचा मुलगा हुशार आहे. तो रविवारी ओट्यावर यायचा, मोठ्या माणसांशी खेळायचा, हरायचा, वाद घालायचा. साडूंनी ते बंद केलं. "म्हाताऱ्यांच्या चुकीच्या चाली शिकेल," म्हणाले. आता तो प्रत्येक डावानंतर लगेच इंजिनचा कोण वर आहे ते दाखवणारा बार पाहतो, लाल खूण दिसली की पुढे जातो. ती चाल का चुकली हे विचारलं की म्हणतो, "इंजिन म्हणतं." तयारी संपली की त्याचा हात पटावर अडकतो. मुलांचं असं करू नका, कळकळीने सांगतो. डाव संपला की आधी वहीत लिहायला लावा: कुठे शंका आली, कोणत्या दोन-तीन चाली डोक्यात होत्या, एक का निवडली. दुसऱ्या दिवशी इंजिन लावा. जिथे वही आणि इंजिन जुळत नाही तिथे थांबा, तुमची चाल इंजिनविरुद्ध खेळून पाहा, मार कुठून बसतो ते दिसेल.

एक-दोन गोष्टी मात्र अंदाजावर सोडू नका. पटावर राजे धरून सात किंवा कमी सोंगट्या उरल्या असतील तर टेबलबेसमध्ये, म्हणजे अशा सगळ्या स्थितींची उत्तरं आधीच काढून ठेवलेल्या साठ्यात, अंतिम उत्तर आहे, तिथे मत चालत नाही. दोन्ही राजे उघडे असतील तर मोजा. २००६ मध्ये क्रॅमनिकसारख्या जगज्जेत्याला डीप फ्रिट्झ या इंजिनविरुद्ध एका चालीतली मात दिसली नाही. आणि तुमचं रेटिंग १४०० च्या खाली असेल तर बळीबिळी सध्या राहू द्या. रोज टॅक्टिक्सची, म्हणजे दोन-चार चालींच्या डावपेचांची, कोडी सोडवा, आणि सोंगटी फुकट कुठे गेली एवढं शोधायला इंजिन वापरा.