अल्बानियातला श्कोदर परगणा नेमका कुठे येतो आणि त्याचा सुरुवातीचा इतिहास काय आहे?

तुमच्या प्रश्नातला 'परगणा' म्हणजे अल्बानियन भाषेत 'कार्क'. देशात असे एकूण 12 कार्क आहेत. श्कोदर त्यातला अगदी वायव्येचा, माँटेनेग्रोला लागून असलेला. राजधानी तिरानापासून श्कोदर शहर उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर. परगण्यात पाच नगरपालिका येतात: श्कोदर, मालेसी ए माधे, पुक, वाऊ इ देयस आणि फुश-अर्रझ. जुन्या नकाशांत 'जिल्हे' वेगळे दिसतील, पण ती रचना 2000 साली गेली, त्यामुळे गोंधळून जाऊ नका.

हा प्रदेश समजून घ्यायचा तर आधी त्याचं पाणी बघावं, असं माझं ठाम मत आहे. उत्तरेला अल्बानियन आल्प्स. स्थानिक लोक त्यांना 'शापित डोंगर' म्हणतात, आणि थेथ खोऱ्यातले उभे चुनखडीचे कडे पाहिले की हे नाव पटतं. पश्चिमेला श्कोदरचं सरोवर आहे, बाल्कन प्रदेशातलं सर्वांत मोठं. त्याचा मोठा भाग माँटेनेग्रोत जातो. सरोवर उथळ आहे, त्यामुळे पावसाळी हिवाळ्यात ते दूरवर पसरतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. त्यातून बुना नदी निघून एड्रियाटिक समुद्राला मिळते. 1858-59 च्या हिवाळ्यात द्रिन नदीला प्रचंड पूर आला, तिने पात्र बदललं आणि ती शहराच्या पायथ्याशी बुनेत घुसली. तेव्हापासून द्रिन फुगली की बुनेचं पाणी तुंबतं आणि कधीकधी उलटं सरोवराकडे वाहू लागतं. शहराला वारंवार पूर का येतो, याचं मोठं कारण हे आहे.

या पाण्याच्या मधोमध एक खडकाळ टेकडी आहे आणि तिच्यावर रोझाफा किल्ला. इथे लाबिआती नावाची इलिरियन (बाल्कनच्या पश्चिम भागातल्या प्राचीन लोकांपैकी) जमात राहत होती, सरोवराचं रोमन नावही तिच्यावरूनच पडलं. राणी तेउताच्या काळात इलिरियन जहाजांनी समुद्रावर इतका उच्छाद मांडला की इ.स.पू. 229 मध्ये रोमने युद्ध पुकारलं. पण मला जास्त चटका लावतो तो शेवटचा इलिरियन राजा गेंतिउस. रोमशी लढणारा मॅसेडोनियाचा राजा पर्सेउस याने पैशांचं आमिष दाखवून त्याला आपल्या बाजूला ओढलं, आणि प्रत्यक्ष हातात पडले फक्त 10 टॅलेंट (चांदी मोजायचं तेव्हाचं वजन). इ.स.पू. 168 मध्ये रोमन सेनानी अनिकिउस श्कोदरवर चालून आला. लिव्ही हा रोमन इतिहासकार लिहितो की शहराला दोन बाजूंनी नद्यांचा वेढा होता आणि तट भक्कम होता. आत बसून राहिले असते तर टिकलेही असते. पण हे लोक बाहेर पडून लढायला गेले आणि हरून परतले. गेंतिउसने तीन दिवसांची मुदत मागितली. नावेत बसून तो बुना नदीने वर सरोवराकडे गेला. विचार करायला एकांत हवा, हे झालं सांगायचं कारण. भाऊ हजारोंची फौज घेऊन येतोय, अशी आवई त्याच्या कानावर आली होती. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच नावेतून तो प्रवाहाबरोबर खाली आला आणि शरण गेला. ही मोहीम 30 दिवसांत आटोपली. सुरू झाल्याची बातमी रोमला पोचायच्या आत ती संपली होती.

लेक हे अल्बानियाचं चलन. आज तिथल्या 50 लेकच्या नाण्यावर गेंतिउस आहे आणि 100 लेकच्या नाण्यावर तेउता. आणखी एक गोष्ट सांगतो, ती आपल्याही घरात पोचलेली आहे. जेन्शियन या कडू औषधी वनस्पतीचं नाव, प्राचीन लेखकांच्या म्हणण्यानुसार, या राजावरून पडलं आणि त्यावरून पुढे अख्ख्या वनस्पतिकुळाला नाव मिळालं. आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं.

पुढचं थोडक्यात. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट डायोक्लेशियनने केलेल्या प्रांतांच्या फेररचनेनंतर श्कोदर हे प्रेव्हालिताना प्रांताचं मुख्य ठिकाण झालं. मग बायझंटाइन, स्लाव्ह, बाल्शा घराणं, 1396 मध्ये व्हेनिस आणि मोठ्या वेढ्यानंतर 1479 मध्ये ऑटोमन. किल्ल्याची आज दिसणारी तटबंदी बहुतेक व्हेनेशियन काळातली आहे.

गेलात तर किल्ल्याच्या दरवाज्यात थांबा. आख्यायिका अशी की तीन भाऊ तट बांधत आणि रात्री तो ढासळे. जी सून दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन येईल तिला भिंतीत चिणायचं ठरलं, आणि घरी कोणी काही बोलायचं नाही असंही. थोरल्या दोघांनी बायकांना सांगून टाकलं, धाकट्याने शब्द पाळला. त्याची बायको रोझाफा हिने एवढंच मागितलं की उजवा डोळा, उजवा हात, उजवा पाय आणि उजवा स्तन भिंतीबाहेर ठेवा, माझं बाळ तान्हं आहे. दरवाज्याच्या दगडांतून चुनखडीचं पांढरट पाणी झिरपतं, ते तिचं दूध, असं तिथले लोक मानतात. बाळंतिणी पूर्वी दूध यावं म्हणून ते छातीला लावायच्या. मी भिंतीला हात लावला तेव्हा दगड गार आणि ओला होता आणि बोटांवर पांढरी भुकटी राहिली होती.