चारोळी तुमची, आजी कंपनीची

प्रश्न : एका मसाला कंपनीने ग्राहकांकडून चित्रं आणि चारोळ्या मागवल्या होत्या. त्यांच्या पाकिटावरची नऊवारीतली आजी पाट्यावर वाटण वाटतेय, शेजारी माझं मांजर, असं चित्र आणि खाली चार ओळी मी त्यांच्या वेबसाइटवर टाकल्या. यंदा दिवाळीत ते पाकिटावर छापून आलं. मांजर पुसलेलं, माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, ‘साइटवर टाकलंत, म्हणजे आमचं झालं.’ खरंच का?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : नाही, ताई. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे जो लिहितो तोच पहिला मालक. ती मालकी कंपनीला द्यायची तर कलम 19 प्रमाणे तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो. ‘अटी मान्य’वर टिचकी मारली म्हणजे सही झाली, असं त्यांचा वकील म्हणेल. टिचकीने करार होतो हे खरं, पण तेवढ्याने मालकी गेली हे त्याला कोर्टात पटवावं लागेल.

परवानगी मात्र तुम्ही दिली असणार. किती दिली, ते अटींतच सापडेल. (त्या मीही कधी वाचत नाही.) परवानगी फक्त साइटपुरती असेल तर पाकीट छापणं तिच्या बाहेर जातं. ‘कोणत्याही माध्यमात, विनामोबदला, कायम’ असं असेल तर पैशाची आशा कमी. मुदतच लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो.

आता तुमची पडकी बाजू. आजी कंपनीची आहे. ते चित्र टी-शर्टवर छापून विकायला गेलात तर नोटीस तुम्हालाच येईल. चारोळी मात्र अक्षरन् अक्षर तुमची, म्हणून भर तिच्यावर द्या.

आणि नावाचा हक्क कलम 57 मधला, तो मालकी विकल्यावरही लेखकाकडेच राहतो. मांजराबद्दल मला तितकी खात्री नाही. बदलामुळे तुमच्या लौकिकाला बाधा आली हे दाखवावं लागेल.

कॉपीराइटची नोंदणी केलेली नाही म्हणून अडत नाही. ते पाकीट बॅच नंबरसकट, न फाडता, दुकानाच्या बिलाबरोबर ठेवा. चित्राची मूळ फाइल आणि अपलोड केल्याचा ईमेल शोधा. अटींच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा, कंपन्या ती पानं बदलतात. मग वकिलामार्फत नोटीस : पुढच्या छपाईत नाव आणि झालेल्या वापराचा मोबदला. नाहीच ऐकलं तर कंपनीच्या गावी खेटे घालायला नकोत. कलम 62 मुळे दावा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो.